नुसतं ऐकायचं नाही, बघायचं! तुम्ही पुन्हा पुन्हा बघता असा मैफलीचा व्हिडिओ कोणता?

बोरीकाठ

मंडळी, राम राम.

पेरण्या आटोपल्यात, दोन दिवसांपासून पावसाने उघडीप दिलीय आणि रात्री जेवणं झाली की तासभर मोकळा मिळतोय. त्या तासात मी सध्या एकच उद्योग करते. जुन्या मैफलींचे व्हिडिओ बघते. ऐकते नाही म्हणत, बघते. म्हणून हा धागा.

तुम्ही परत परत लावता असा गाण्याचा किंवा वाजवण्याचा एक व्हिडिओ सांगा. फक्त दुवा चिकटवून पळू नका. त्यातली कुठली जागा तुम्हाला ओढून नेते आणि तिथं डोळ्यांना काय दिसतं, ते लिहा. शास्त्रीय, भजन, शाहिरी, परदेशी, लग्नातला बँड, सगळं चालेल.

माझा आधी सांगते. १ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. बांगलादेशी निर्वासितांच्या मदतीसाठी रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी घडवून आणलेला कार्यक्रम. मंचावर रविशंकर, अली अकबर खाँ, अल्लारखा आणि तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. रविशंकर आधी लोकांना सांगतात की आमचं संगीत जरा लक्ष देऊन ऐकावं लागतं, आणि वादन चालू असताना सिगारेट ओढू नका अशी विनंतीही करतात. मग वाद्यं लावायला घेतात. लावून होतात न होतात तोच सगळं सभागृह टाळ्यांनी दणाणतं. लोकांना वाटलं, हेच वादन! त्यावर रविशंकर म्हणतात, वाद्यं लावणंच एवढं आवडलं असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे.

ही क्लिप सगळे हसण्यासाठी पाठवतात. मला त्या लोकांचं हसू येत नाही. ज्यांनी सतार-सरोद कधी जवळून पाहिली नसेल, त्यांना दोन तारा एकमेकींना मिळताना ऐकूनच काहीतरी गोड लागलं, म्हणून तर हात वर आले. माझ्या वर्गातली पोरं पेटीचा भाता पहिल्यांदा हलताना बघून अशीच टाळ्या वाजवतात.

शेवभाजी

जागा धरून ठेवतो. रात्री घरी गेल्यावर लिहितो.

डबलडग्गा

भारी धागा ताई.

मी धुळ्याला आठ वर्षं तबला शिकतोय, त्यामुळे माझी नजर थेट हातांवर जाते. झाकीरभाईंचं कुठलंही एकल वादन लावा. सगळे उजव्या हाताची बोटं बघतात. तुम्ही डावा हात बघा. डग्ग्यावर मनगटाची टाच टेकलेली असते आणि ‘घे’ वाजला की ती किंचित शाईकडे, म्हणजे चामड्यावरच्या काळ्या गोलाकडे, सरकते. त्या बोटभर सरकण्यात आवाज खालून वर चढतो, माणूस हुंकार भरतो ना, तसा. गुरुजींनी हे मला सहा महिने तोंडी सांगितलं, हात धरून दाखवलं, तरी कळेना. मग एका रात्री व्हिडिओचा वेग पाववर आणला आणि तेवढीच जागा वीसेक वेळा फिरवली, तेव्हा कळलं. हाताला कळायला आणखी सहा महिने गेले, ते वेगळं.

दुसरी जागा हातोडीची. वाजवता वाजवता तबल्याचा सूर उतरतो. तेव्हा डावा हात ठेका सोडत नाही आणि उजवा हात हातोडी घेऊन गजऱ्यावर, म्हणजे तबल्याच्या कडेच्या वेणीवर, दोन-तीन ठिकाणी ठोकतो. लय तसूभर हलत नाही. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

१५ डिसेंबर २०२४ ला ते गेले. त्यानंतर महिनाभर मला त्यांचा एकही व्हिडिओ लावता आला नाही. आता रोज लावतो.

भुसावळ_जंक्शन

@डबलडग्गा, झाकीरभाई तबल्यावर आगगाडी काढायचे ते विसरलात होय? भुसावळवाल्यांसाठी तो राष्ट्रीय सण आहे!

वडील रेल्वेत होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्यांना मोबाइलवर ते वादन लावून दिलं. त्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले, पुरतं ऐकलं आणि म्हणाले, “गाडी चढावर शे. आते टेसन येई.” आणि खरंच पुढं लय उतरत गेली.

रेडिओवाले_आप्पा

भुसावळकर, तुमच्या वडिलांनी डोळे मिटले हे तुम्हीच लिहिलंत. माझं म्हणणं तेच आहे. गाणं बघायची वस्तू नाही.

माझं निम्मं आयुष्य आकाशवाणी जळगाववर गेलं. शेतात मचाणावर ट्रान्झिस्टर टांगलेला असायचा. भीमसेन जोशींना मी वीस वर्षं नुसतं ऐकलं. त्या आवाजावरून माझ्या मनात एक माणूस उभा राहिला होता. डोंगरासारखा, स्थिर. पुढं टीव्ही आला आणि त्यांना पहिल्यांदा पाहिलं, तर ते हात फेकणं, अंग घुसळणं, तोंड वेडंवाकडं होणं! त्या दिवशी राग कोणता गायले ते मला आजही सांगता येणार नाही. डोळ्यांनी कानांचा घास हिरावला. तेव्हापासून मी टीव्हीवर गाणं लागलं की पाठ करून बसतो.

शेवभाजी

आप्पा, पाठ करून?? 😀

रेडिओवाले_आप्पा

हो. खुर्ची फिरवून. करून बघा एकदा.

पुण्यातला_खान्देशी

आप्पा, तुमचं वय आणि कान दोन्ही माझ्यापेक्षा मोठे, पण इथं मी भांडणार.

भीमसेनजींचा हात वाया जात नाही. तान सुरू व्हायच्या आधी तो खाली जातो, विहिरीतून बादली ओढावी तसा सूर वर ओढतो आणि तान समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, टाकून मोकळा होतो. बरं, नीट बघाल तर हात तानेच्या अर्धा क्षण पुढं असतो. म्हणजे काय येणार आहे ते तबलजीला कानाआधी डोळ्यांनी कळतं. समेवर दोघं एकत्र पडतात ते उगाच नाही.

कुमार गंधर्वांचं तर बघायलाच हवं. क्षयाने गाठलं, देवासला कित्येक वर्षं गाणं बंद. पुन्हा उभे राहिले तेव्हा श्वासाचा सगळा हिशेबच बदललेला. ध्वनिमुद्रणात त्यांचे छोटे छोटे तुकडे ऐकू येतात आणि आपण म्हणतो, काय शैली आहे! व्हिडिओत त्या तुकड्यांमधला श्वास दिसतो. निर्गुणी भजन गाताना पुढच्या सुरासाठी हवा गोळा होते, क्षणभर काहीच ऐकू येत नाही, पण चेहरा गातच असतो. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लॅपटॉप बंद करून गच्चीत जाऊन उभा राहिलो.

किशोरी आमोणकरांवर अमोल पालेकर आणि संध्या गोखले यांनी केलेला ‘भिन्न षड्ज’ हा माहितीपट आहे, २०११ चा. तोही शोधून बघा.

एक तक्रार मात्र आहे. मैफलीच्या चित्रीकरणात समेच्या वेळी नेमका कॅमेरा पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या शालींवर का जातो? तीन मिनिटं वाट पाहिलेली सम, आणि आपण बघतोय कोण, तर जांभई देणारे सत्कारमूर्ती!

मेहरुण

पुण्याचे, शालींचं मान्य. पण लोकांवर कॅमेरा ठेवूनही जमतं, त्याचा दाखला देते.

जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात माँटेरेला मोठा संगीत महोत्सव झाला, त्याच्यावर चित्रपट निघाला. शेवटी रविशंकर आणि अल्लारखा आहेत. गंमत अशी की वादन सुरू होतं, पण वादक दिसतच नाहीत. कॅमेरा आधी बराच वेळ लोकांत हिंडतो. कुणी गवतात आडवं पडलंय, कुणी डोळे मिटून डोलतंय. ऐकणाऱ्यांत जिमी हेंड्रिक्सही दिसतो. आणि मग कॅमेरा सतारीवर येतो, तोवर आपणही त्यांच्यातलेच एक झालेलो असतो. लय चढत चढत जाते, शेवट होतो आणि सगळं मैदान उठून उभं राहतं. मी हे कपड्यांना इस्त्री करताना लावलं होतं. इस्त्री आधी बंद करावी लागली.

आप्पा, हे तुम्ही खुर्ची फिरवून बघितलंत तर काहीच हाती लागणार नाही.

तापीकाठची

माझा व्हिडिओ साधा आहे, पण त्याला गावाचा धागा आहे म्हणून लिहिते.

आमचं थाळनेर, शिरपूर तालुक्यातलं. तापीच्या काठावर, पडका किल्ला आणि फारुकी सुलतानांच्या कबरी असलेलं. लता मंगेशकरांचं आजोळ हे. त्यांच्या आई इथल्या गुजराती कुटुंबातल्या. आमच्याकडं पाहुणा आला की किल्ल्याआधी हे सांगतात.

१९७४ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला, त्याचे आणि पुढच्या परदेशी कार्यक्रमांचे तुकडे मिळतात. मी आवाज बंद करून ते बघते. हो, बंद करून! बाई उभ्या असतात त्या जागेवरून हलत नाहीत. पदर अंगभर घेतलेला, हातात शब्दांचा कागद. आणि चपला काढून, अनवाणी गायच्या त्या. एवढ्या मोठ्या जागी, हजारो लोकांसमोर, देवघरात उभं राहावं तसं. भीमसेनजी सगळ्या अंगानं गातात, या बाई कुठूनच गात नाहीत असं वाटतं, आणि तरी तो आवाज.

माझी माय म्हणते, थाळनेरच्या बायका पाण्याचे दोन हंडे डोक्यावर घेऊन मान न हलवता घाट चढायच्या, तसंच शे हे.

काळी_कसदार

लताबाई खान्देशच्या कधीपासून झाल्या? जन्म इंदूरचा, नाव गोव्याचं.

तापीकाठची

आजोळ म्हणजे अर्धं माहेर असतं भाऊ. अर्धं तरी ठेवा आमच्याकडं.

शेवभाजी

आलो. भाजी तिखट झाली होती, उशीर झाला.

माझा परदेशी आहे. १३ जुलै १९८५, लंडनचं वेम्बली मैदान, क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी. हा पारशी मुलगा आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला बरं का. जेमतेम वीस मिनिटांचा कार्यक्रम. मधे एका ठिकाणी वाद्यं थांबतात आणि हा एकटा माइकची अर्धी दांडी हातात धरून एक लांब स्वर टाकतो. मैदान तो परत करतं. हा जरा अवघड टाकतो, मैदान तोही परत करतं. मग आणखी अवघड, वळणं घालून. शेवटी इतका लांब ओढतो की वाटतं, आता नाही जमणार लोकांना. जमतं!

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वेम्बली नाही दिसलं. मुक्ताईच्या पालखीतलं आमच्या गावचं भजन दिसलं. बुवा एक चरण टाकतात, टाळकरी झेलतात. बुवा वरच्या पट्टीत जातात, मागची पोरं मानेच्या शिरा फुगवून तिथं पोचतात. बुवा खूश झाले की हसत हसत आणखी वर जातात. फ्रेडीच्या चेहऱ्यावर तेच हसू आहे. लोकांनी स्वर परत केला की त्याचा चेहरा बघा. शिष्याला जमलं म्हणून खूश झालेल्या गुरूचा चेहरा आहे तो.

डबलडग्गा

@शेवभाजी, पालखीची आठवण काढलीत आणि अंगावर काटा आला. बुवा वर जातात तेव्हा मृदंगवाला डावीकडची पुडी जवळजवळ सोडून देतो, फक्त उजवी. लोकांचा आवाज वर यावा म्हणून जागा करून देतो तो. पुढच्या वारीत बघा.

रेडिओवाले_आप्पा

मी खुर्ची फिरवणार नाही, पण एक सांगतो.

नारायण राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, लहानपणी जळगावला मेहबूब खाँ यांच्याकडे गाणं शिकले. आजही जळगावात त्यांच्या नावानं जानेवारीत संगीत महोत्सव होतो, खुलं नाट्यगृहही त्यांच्याच नावाचं आहे. त्यांची गाणी मी तबकड्यांवर ऐकली. तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. रंगभूमीवर एकेक पद अर्धा तास चालायचं म्हणतात, प्रेक्षक पुन्हा पुन्हा मागायचे. ते सगळं साडेतीन मिनिटांत कोंबलेलं. तरी पुरतं मला.

माझे वडील मात्र म्हणायचे, तू नुसतं ऐकलंस, आम्ही पाहिलंय. पदर सावरत मागे वळून बघणं, शालू, ते चालणं. मी विचारायचो, म्हणजे नेमकं कसं? त्यांना सांगता यायचं नाही. हात हवेत फिरवायचे आणि गप्प बसायचे. पडद्यावर बालगंधर्व आहेत १९३५ च्या ‘धर्मात्मा’त, पण तिथं ते संत एकनाथ आहेत, पुरुषवेषात. वडिलांच्या डोळ्यांपुढं होतं ते मला कुठंच मिळालं नाही.

म्हणून एवढंच कबूल करतो की चित्र असावं. बघायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं.

मेहरुण

आप्पा 🙏

सातपुडा

मी अक्कलकुव्याकडचा. आमच्याकडच्या काठीच्या होळीचे व्हिडिओ दरवर्षी फिरतात, तुम्हीही पाहिले असतील. मोरपिसांचे उंच टोप, अंगावर पांढरे ठिपके, कमरेला वाळलेले दुधी भोपळे आणि घुंगरं बांधलेले बुध्या, आणि मोठमोठे ढोल. रात्रभर नाच, पहाटे होळी पेटते.

ते व्हिडिओ बघून मला राग येतो. फोनमधून ढोल येतच नाही. खरा ढोल कानाला नाही, पोटाला ऐकू येतो. पाय जमिनीवर असतात तिथून वर चढतो. फोनच्या माइकला तो झेपत नाही. फोन काय करतो, मोठा आवाज आला की आपोआप सगळंच दाबतो. म्हणजे ढोल पडला की बासरी आणि बायकांचं गाणं बुडतं, ढोल थांबला की एकदम जवळच्या माणसांचा गलका वर येतो. लोक वरून त्याला दुसरंच डीजेचं गाणं चिकटवतात आणि पाठवतात. पाय एका तालात, गाणं दुसऱ्याच.

हे एवढ्यासाठी सांगतो की इथं सगळ्यांनी चांगल्या कॅमेऱ्यांनी घेतलेल्या मैफली लिहिल्या. आमच्या पावरीवाल्याचं काय? भोपळा आणि बांबूचं वाद्य, मोरपिसं लावलेलं. गाल फुगवून श्वास न तोडता वाजवत राहतो. डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात रात्रभर. माझ्याकडं त्याचा एकच व्हिडिओ आहे, दोन मिनिटांचा. अंधारात घेतलेला. चेहरा दिसत नाही, फक्त विस्तवाच्या उजेडात गाल आत-बाहेर होताना दिसतो. माझ्यासाठी तो पहिल्या नंबरचा.

केळीबाग

@सातपुडा, पटलं. मग माझाही तसाच ऐका.

रावेरकडचं लग्न, मे महिना, नवरदेवाची मिरवणूक. बँड नेहमीसारखा, पुढं गाडीवर कॅसिओ, भोंगे, झगमगाट. ते केसांवरच्या फुग्यांचं अहिराणी गाणं चौथ्यांदा चालू. आणि गल्लीच्या तोंडाशी जनरेटर बंद पडला. दिवे गेले, कॅसिओ गेला, गाणाऱ्याचा माइक गेला. एकदम शांत. नाचणारी पोरं उभी तशीच.

बँडमध्ये मागच्या रांगेत एक सत्तरीचे बाबा क्लॅरिनेट घेऊन होते. रात्रभर त्यांचा आवाज कुणाला ऐकू आला नव्हता. त्यांनी डोक्यावरची लाल टोपी काढून काखेत धरली, पट्टी ओठांनी ओली केली आणि एक अभंग सुरू केला. एकटेच. ओट्यांवरच्या बायका उठून कठड्याशी आल्या. ढोलवाल्याने काठ्या ठेवून हातानेच हळू ठेका धरला. घोड्यावरच्या नवरदेवाने हात जोडले, खोटं नाही सांगत.

भाच्याने उभा फोन धरून घेतलंय, मधे कुणाचं तरी डोकं येतं. दोन मिनिटं दहा सेकंद. मग जनरेटर चालू होतो, भोंगे किंचाळतात आणि बाबा वाजवताना दिसतात, ऐकू येत नाहीत. मी तिथंच बंद करतो.

काळी_कसदार

यावर काही बोलायला नको. भलतं भारी शे.

भुसावळ_जंक्शन

डीजेवाल्यांवर स्वतंत्र धागा काढा कुणीतरी. मी रात्री जागून लिहीन.

पुण्यातला_खान्देशी

नको, त्या धाग्यावर तीनशे प्रतिसाद होतील आणि शेवटी कुलूप लागेल.

बोरीकाठ

सगळ्यांचं वाचतेय, एकेक लावून बघतेय. माँटेरेचा काल रात्री पाहिला, मेहरुणताई.

सातपुडा आणि केळीबाग यांनी लिहिल्यावर मलाही धीर आला. हा धागा काढला त्याच्यामागं एक व्हिडिओ आहे, तो पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं धाडस झालं नाही.

तीन वर्षांपूर्वीची कानबाईची रात्र. आमच्या घरची कानबाई. जे खान्देशाबाहेरचे आहेत त्यांच्यासाठी सांगते, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाची कानबाई बसवतात, तिला नथ, दागिने घालतात, सव्वाच्या मापानं गहू दळून रोट करतात. रात्रभर गाणी आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर विसर्जन. ती गाणी माझी आजी म्हणते. आता ती एक्क्याऐंशीची आहे. चौदा मिनिटांचा व्हिडिओ आहे माझ्या फोनमध्ये. वरचा पंखा घरघरतोय, शेजारी टीव्ही लागलाय, चुलतभाऊ मधेच विचारतोय चहा किती कप.

आजी पाटाच्या कडेवर तीन बोटांनी ठेका देते. करंगळी आणि अंगठा उचललेलेच. तिसऱ्या गाण्यात ती एका ओळीवर थांबते. आठवत नाही. तिच्या शेजारी गल्लीतल्या दुसऱ्या एक आजी बसल्यात, त्या तोपर्यंत नुसत्या मागं म्हणत होत्या. आजी त्यांच्याकडं बघते. त्या आधी नुसते ओठ हलवतात, आवाज नाही. आजी त्यांच्या ओठांवरून ओळ उचलते आणि पुढं जाते. दोघी एकमेकींकडं बघून मान हलवतात.

आवाज नुसता ऐकला तर तिथं फक्त खंड पडल्यासारखा वाटतो. आप्पा, म्हणून मी ‘बघते’ म्हणाले.

त्या दुसऱ्या आजी गेल्या वर्षी वारल्या.

हा व्हिडिओ सगळ्यांना दिसेल असा कुठं चढवावा का? तुम्हाला काय वाटतं?

तापीकाठची

चढव गं बाई. मनी माय बी हाई गानं म्हणे, पण माझ्याकडं तिचा एक शब्द नाही.

काळी_कसदार

मी नको म्हणेन. रोटसुद्धा आपण भाऊबंदांबाहेर देत नाही. देवीच्या जागराची गाणी, त्यात मधेच साबणाची जाहिरात येणार, खाली कुणीही काहीही लिहिणार. घरात जपून ठेवा, गावात दाखवा.

सातपुडा

दोन्हींच्या मधलं करता येतं. दुवा असेल त्यालाच दिसेल असा ठेवता येतो, शोधून सापडत नाही. पण आधी एक काम आजच करा. मूळ फाइल फोनमधून काढून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, तो आवळून बारीक करतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे आहे तसा जातो.

पुण्यातला_खान्देशी

आणि आजीला विचारा. त्यांचा आवाज आहे.

रेडिओवाले_आप्पा

शब्दही लिहून घ्या. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावानं ओव्या टिपून घेतल्या, म्हणून १९५२ मध्ये पुस्तक निघालं, बाई गेल्यानंतर वर्षभरानं. शब्द आपल्याला मिळाले. पुढं प्रत्येक संगीतकारानं त्यांना आपापली चाल लावली, चांगल्याच लावल्या. पण असोद्याच्या जात्यावर ती बाई कोणत्या चालीत म्हणत होती? तुमच्याकडं चाल आहे, शब्द आहेत आणि ओठसुद्धा आहेत.

त्या तिसऱ्या गाण्याची जागा कितव्या मिनिटाला आहे? मी बघेन. समोर बसून.

बोरीकाठ

आप्पा, आठ मिनिटं चाळीस सेकंदांच्या पुढं. तुम्हाला पाठवते.

आजीला विचारलं काल. सगळं समजावून सांगितलं, कोण बघणार, कसं दिसणार. ती म्हणाली, “मना गया बसी गया आते. पन तू लिखी ले, नहीं ते बठ्ठं भुलाई जाई.” (माझा गळा बसला आता, पण तू लिहून घे, नाहीतर सगळं विसरून जाईल.) मग वही घेऊन बसले. रात्री साडेअकरापर्यंत नऊ गाणी झाली. दोन मी आयुष्यात ऐकली नव्हती. लिहून झाल्यावर तिनं स्वतःच विचारलं, तो मागचा फोटो हालता होता, तो दाखव. दोनदा पाहिला. शेजारच्या आजी दिसल्या तिथं पडद्यावर बोट ठेवलं तर व्हिडिओच थांबला, आणि ती म्हणाली, राहू दे, असाच राहू दे थोडा वेळ.

गावातल्यांना दाखवायला तिची हरकत नाही. बाहेर चढवायचं नाही म्हणाली. @काळी_कसदार, तुमच्यासारखंच कारण सांगितलं तिनं.

आता प्रश्न यंदाच्या कानबाईचा. या वेळी नीट रेकॉर्ड करायचंय, सगळी गाणी. माझ्याकडं फोन आहे, बाकी काही नाही. काय काळजी घेऊ?

सातपुडा

फोन हातात धरू नका. आजीपासून दोन-अडीच हातांवर, त्यांच्या छातीच्या उंचीला ठेवा. गाणाऱ्यांच्या मागं गोधडी किंवा सतरंजी टांगा, पत्र्याच्या आणि सिमेंटच्या घरात आवाज घुमतो. जमलं तर दोन फोन ठेवा, एक आवाजासाठी जवळ, एक चित्रासाठी लांब. आणि बायका टाळी सुरू करतात ती जरा लांबून होऊ द्या, नाहीतर ढोलासारखंच होईल, टाळी पडली की गाणं बुडेल.

मेहरुण

लांबचा फोन फक्त आजीवर नको. मागं म्हणणाऱ्या सगळ्या जणी दिसू द्या. ओळ कुणाच्या ओठांवर सापडेल सांगता येत नाही.

डबलडग्गा

बोरीकाठताई, धुळ्याहून अमळनेर काही लांब नाही. माझ्याकडं क्लासमधला माइक आणि दोन स्टँड आहेत. गुरुजींना विचारलं, घेऊन जा म्हणाले. तुमच्याकडं चालत असेल तर कानबाईच्या रविवारी दुपारीच येतो, म्हणजे आजींना माइकची सवय होईल. मी कोपऱ्यात बसेन, मधे मधे करणार नाही.

बोरीकाठ

या. जेवायलाच या. पुरणपोळी, खीर आणि गंगाफळाची भाजी असते. आजीला सांगितलंय, धुळ्याचा तबलजी येतोय. तिनं विचारलं, तो पाटावर वाजवतो का?

डबलडग्गा

शिकेन म्हणावं. तीन बोटांनी.

आणि तेवढ्या वेळापुरता पंखा बंद ठेवायला सांगा.